उष्णतामानाच्या साक्षीदाराची उलटतपासणी

तापाने फणफणलेल्या रोग्याच्या काखेत उष्णतामापक लावला आणि त्याने ९८ अंश फॅरनहाइट एवढेच मान दाखविले, तर सुज्ञ वैद्य दोन शक्यता मनात आणतो. रोग्यास ताप नसेल, ही पहिली. आणि उष्णतामापकच बिघडला असेल, ही दुसरी. अंग हाताला पोळत असता जो केवळ मापकावरील आकड्याकडे पाहून रोग्यास निरोगी ठरवील, त्याला कोणी वैद्य म्हणणार नाही.

मोटारीच्या इंजिनाचीही गोष्ट अशीच आहे. इंजिन किती तापले आहे हे पाहण्यासाठी त्याच्या अंगात एक लहानसा उष्णतामापक कायमचा बसविलेला असतो. शास्त्रीय भाषेत त्यास संवेदक म्हणतात. गॅरेजमधील कारागीर त्याला ‘सेन्सर’ म्हणून ओळखतात. अंगठ्याएवढी ही वस्तू सांगेल ते प्रमाण मानून इंजिनाला किती इंधन द्यावयाचे, पंखा केव्हा फिरवावयाचा, धोक्याचा दिवा केव्हा लावावयाचा, हे सर्व ठरते. मग हा साक्षीदारच खोटे बोलू लागला तर काय होते? आणि तो खोटे बोलत आहे, की त्याचे खरे बोलणे वाटेत कोठे तरी बिघडत आहे, हे ओळखावयाचे कसे? ह्या प्रश्नांचे उत्तर शोधताना केवळ मोटारीची दुरुस्तीच नव्हे, तर मापनशास्त्राचा एक मूलभूत धडाही आपल्या हाती येतो.

इंजिनाला थंड का ठेवावे लागते

सिलिंडरमध्ये पेट्रोलाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटते तेव्हा तेथील वायूंचे उष्णतामान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या अ‍ॅल्युमिनिअमचे दट्टे आणि सिलिंडरची डोकी बनविलेली असतात, ते ६६० अंशांवर वितळते. इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश किंवा त्याहून कमीच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर आणि शीतक द्रवाबरोबर निघून जाते. हा द्रव इंजिनाच्या भोवती खेळविला नाही, तर काही मिनिटांतच धातू प्रसरण पावून दट्टे अडकतील आणि सिलिंडरचे डोके वाकडे होईल.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेर्टा बेंझ ही धाडसी स्त्री आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानला जातो. त्या इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई, म्हणून वाटेत ठिकठिकाणी थांबून नवे पाणी भरावे लागे. इंजिन किती तापले आहे हे सांगणारे कोणतेही साधन तिच्यापाशी नव्हते. पुढे १९००-०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीज मोटारीसाठी ८०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला आणि तेच ते पाणी पुनःपुन्हा थंड करून वापरणे सुलभ झाले.

आता पाणी दृष्टीआड झाले, आणि त्याचे मान कळण्याची गरज निर्माण झाली. १९१२ मध्ये हॅरिसन बॉइस याने रेडिएटरच्या झाकणावर उभा बसविण्याच्या उष्णतामापकाचे एकस्व मिळविले. चालकाला तो समोरच्या काचेतून दिसत असे. परंतु त्यातही एक मेख होती. त्या मापकाचे टोक पाण्यात बुडालेले नसून पाण्यावरील वाफेत असे. म्हणजे चालकास जे कळे ते वाफेचे उष्णतामान, पाण्याचे नव्हे. मापक ज्या वस्तूस स्पर्श करतो त्या वस्तूचेच मान सांगतो, आपल्या मनात असलेल्या वस्तूचे नव्हे. हा नियम आजच्या संवेदकासही तंतोतंत लागू आहे. गळतीमुळे शीतकाची पातळी खाली गेली आणि संवेदकाचे टोक हवेत उघडे पडले, तर इंजिन होरपळत असतानाही तो थंड आकडा दाखवू शकतो.

फॅरडेचे निरीक्षण आणि आजचा संवेदक

धातूची तार तापविली की तिच्यातून विद्युत्प्रवाह जाण्यास अधिक अडथळा होतो, म्हणजेच तिचा रोध वाढतो. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे याला चांदीच्या सल्फाइडात ह्याच्या नेमके उलट वर्तन दिसले. तो पदार्थ जसजसा तापवावा तसतसा प्रवाह अधिक सुलभतेने वाहू लागे. असे पदार्थ अर्धसंवाहक होत. धातूंच्या ऑक्साइडांपासून बनविलेल्या ह्याच जातीच्या रोधकाला थर्मिस्टर असे नाव आहे, आणि मोटारीतील संवेदकाच्या पितळी कवचात अशा थर्मिस्टरचा एक लहानसा मणी असतो.

सामान्यतः आढळणाऱ्या एका प्रकारच्या संवेदकाचा रोध शून्य अंश सेल्सिअसला सुमारे ५९०० ओहम, २० अंशांस २५००, ४० अंशांस ११८०, ६० अंशांस ५९५, ८० अंशांस ३२२, १०० अंशांस १८७ आणि १२० अंशांस ११३ ओहम असतो. ही आकड्यांची माळ लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. शून्यापासून २० अंशांपर्यंत रोध ३४०० ओहमांनी घटतो. पण १०० पासून १२० पर्यंत तो अवघ्या ७४ ओहमांनी घटतो. म्हणजे इंजिन गार असताना एका अंशाचा फरक शंभराहून अधिक ओहमांनी व्यक्त होतो, आणि इंजिन तापल्यावर तोच फरक तीन-चार ओहमांत सामावतो. पुढील सर्व कथेची किल्ली ह्या एका गोष्टीत आहे.

इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक स्वतः रोध मोजीत नाही. तो आपल्या पोटातील एका ठराविक रोधातून ५ व्होल्टचा विद्युत्-दाब संवेदकाकडे पाठवितो आणि संवेदकाच्या वाट्यास किती व्होल्ट आले ते पाहतो. संगणकातील रोध २००० ओहमांचा धरला, तर २० अंशांस संवेदकावर सुमारे २.८ व्होल्ट येतील आणि ८८ अंशांस केवळ ०.५७ व्होल्ट. तार तुटली तर प्रवाहच वाहणार नाही; संगणकास पूर्ण ५ व्होल्ट दिसतील आणि तो उष्णतामान उणे ४० अंश समजेल. उलट दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर त्यास शून्य व्होल्ट दिसतील आणि इंजिन भयंकर तापले आहे असा त्याचा समज होईल. भर उन्हाळ्यात नागपुरास उभ्या असलेल्या मोटारीचा स्कॅनर उणे ४० अंश दाखवू लागला, तर ते हवामानाचे आश्चर्य नसून तुटलेल्या तारेचे लक्षण होय, हे आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

खोट्या साक्षीचे परिणाम

गार इंजिनात पेट्रोलाची वाफ नीट होत नाही. त्याचे थेंब थंड भिंतींवरच बसून राहतात. म्हणून अशा वेळी नेहमीपेक्षा अधिक इंधन द्यावे लागते. इंजिन तापल्यावर मात्र वजनाने एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा हे प्रमाण पुरते. जुन्या मोटारींत कार्बुरेटरची हवा कोंडणारी खुंटी ओढून चालक हे काम हाताने करीत असे. आता ते काम संवेदकाच्या साक्षीवर संगणक करतो.

तापलेले इंजिन गार आहे अशी साक्ष मिळाली, तर संगणक गरज नसता इंधन ओततो. धूर काळा होतो, ठिणगी पाडणाऱ्या प्लगांवर काजळी धरते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते, आणि धुराच्या मार्गातील उत्प्रेरक परिवर्तकात ते जळून तो अतोनात तापतो. उलट गार इंजिन तापलेले आहे अशी साक्ष मिळाली, तर थंडीच्या सकाळी इंजिन सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन आचके देत बंद पडते.

साक्ष अगदीच असंभाव्य असेल तर संगणक तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. तो धोक्याचा दिवा लावतो, पंखा सतत फिरता ठेवतो आणि अंदाजाने धरलेल्या मानावर काम चालवितो. त्याच वेळी तो दोषाचा एक संकेतांक स्मरणात नोंदवितो. असे संकेतांक सर्व मोटारींत सारखे असावेत ही सक्ती अमेरिकेत १९९६ पासून झाली. भारतात चारचाकी वाहनांवर अशी स्वयंनिदानाची व्यवस्था भारत स्टेज ४ मानकांबरोबर २०१० पासून आली आणि तिचा दुसरा टप्पा २०१३ पासून लागू झाला. पी ०११७ हा संकेतांक विद्युत्-दाब फार कमी असल्याचे सांगतो, पी ०११८ तो फार अधिक असल्याचे, आणि पी ०११९ जोडणी मधूनमधून तुटत असल्याचे.

ढळढळीत असत्य अशा रीतीने पकडले जाते. कठीण असते ते संभाव्य असत्य. साक्षीदार सांगतो ते घडणे शक्य असते, म्हणून त्याची बोलणी खरी वाटतात. आणि नेमका येथेच धोका असतो.

एक दृष्टांत

समजा, मुंबईतील एका टॅक्सीचालकाची पाच-सात वर्षे चाललेली पेट्रोल मोटार आहे. थंडीच्या दिवसांत एके सकाळी तिचा दोषदर्शक दिवा लागतो. स्कॅनर पी ०१२८ हा संकेतांक दाखवितो. त्याचा अर्थ असा की, अपेक्षित वेळ लोटूनही शीतक द्रव थर्मोस्टॅटच्या मानापर्यंत तापलेला नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप. ह्या मोटारीत ती ८८ अंशांस उघडते असे धरू. ती उघडीच अडकून राहिली तर द्रव सदैव रेडिएटरमधून फिरत राहील आणि इंजिन पुरेसे तापणार नाही. तेव्हा पहिला कारागीर नवा थर्मोस्टॅट बसवितो. त्याचा तर्क चुकीचा नाही. परंतु तो पडताळून पाहिलेला नाही. तीन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

दुसरा कारागीर संवेदक बदलतो. दिवा पुन्हा लागतो. दोन दिवसांचा धंदा बुडालेला, दोन सुट्या भागांचे पैसे गेलेले. आणि मोटार तर चालत आहे. इंजिन थंड राहते ही एका परीने बरीच गोष्ट, अशी समजूत करून घेऊन चालक दिव्याकडे दुर्लक्ष करू लागतो. शीतकाची पातळी थोडी उतरते तेव्हा तो साधे पाणी ओततो. मग वैशाखातील एका दुपारी वाहनांच्या कोंडीत मोटार अर्धा तास रखडते. समोरचा काटा मध्यावर स्थिर आहे, स्कॅनर लावला असता तर त्यानेही निर्दोष आकडा दाखविला असता. आणि तरीही कूलंटच्या बाटलीत पाणी खदखदत आहे, बोनेटखालून वाफ येत आहे.

‘इंजिन थंड आहे’ अशी तक्रार करणाऱ्या मोटारीचे पाणी उकळावे, हे कोडे सोडवावयाचे कसे?

उलटतपासणीचा आरंभ

तिसरा कारागीर प्रथम काहीच बदलीत नाही. इंजिन रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी तो शीतकाची पातळी पाहतो. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. झाकणाच्या दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर तापूनही द्रवरूपात राहते. झाकण निघताच ते एकदम वाफ होऊन उसळते आणि तोंड व हात भाजून निघतात.

पातळी योग्य आढळल्यावर तो इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून स्कॅनर पाहतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीत बाहेरची हवा, इंजिनात शिरणारी हवा आणि शीतक द्रव ह्या तिघांचे मान सारखेच असले पाहिजे. ही निसर्गाने फुकट दिलेली तुलना होय. हवेचा संवेदक २५ अंश दाखवितो, शीतकाचा २४. एका अंशाचा फरक क्षम्य आहे. घाईचा कारागीर येथेच थांबला असता आणि संवेदक निर्दोष आहे असा निर्वाळा देता झाला असता.

परंतु साक्षीदाराने एका प्रश्नाचे उत्तर खरे दिले म्हणून सर्वच उत्तरे खरी ठरत नाहीत. कारागीर इंजिन सुरू करून चांगले तापू देतो. संगणक ७६ अंशांवर थबकतो. आता दुसरा, स्वतंत्र साक्षीदार पाहिजे. दुरून उष्णतामान सांगणारा अवरक्त किरणांचा मापक तो थर्मोस्टॅटच्या कवचावर रोखतो. मात्र त्यापूर्वी कवचावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावतो. चकचकीत धातू स्वतःची उष्णता अल्प प्रमाणात उत्सर्जित करतो आणि आसपासच्या वस्तूंचे किरण परावर्तित करतो, म्हणून त्यावर रोखलेला मापक फसतो. काळ्या, निस्तेज पृष्ठभागावर ही फसगत होत नाही. मापक ८४ अंश दाखवितो.

ह्या दोन आकड्यांत एक विसंगती दडलेली आहे. कवचाला उष्णता मिळते ती आतील द्रवाकडून, आणि बाहेरची हवा त्याला सतत निववीत असते. तेव्हा बाहेरील पृष्ठभाग आतील द्रवाहून किंचित थंडच असावयास हवा. बाहेर ८४ आणि आत ७६ हे घडणे शक्य नाही. थर्मोस्टॅट आपले काम नीट करीत आहे. द्रव ८८ च्या आसपास तापला आहे. खोटी आहे ती साक्ष.

साक्षीदार आणि निरोप्या

आता प्रश्न उरतो, खोटे कोण बोलत आहे? संवेदक, तारा की संगणक? साखळीचे तीन दुवे आहेत आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी घेतली पाहिजे.

चावी बंद करून कारागीर संवेदकावरील कनेक्टर काढतो आणि चावी पुन्हा फिरवितो. आकडा उणे ४० वर जातो. तार तुटली असता जे दिसावयास हवे तेच दिसत आहे. ह्याचा अर्थ तारा कोठे एकमेकींस चिकटलेल्या नाहीत. (काही मोटारींत संगणक अशा वेळी अंदाजाचा आकडा दाखवितो, म्हणून त्या मोटारीची पुस्तिका जवळ असणे इष्ट.) नंतर तो कनेक्टरची दोन टोके एका लहान तारेने जोडतो. आता रोध शून्य झाला. आकडा संगणकाच्या कमाल मर्यादेस, म्हणजे १४० अंशांच्या आसपास अथवा त्याहूनही वर भिडावयास हवा. पण तो १२५ वर थांबतो.

हाच तो क्षण, जेव्हा उलटतपासणीत साक्ष ढासळते. संवेदक तर ह्या वेळी मंडलात नाहीच. तरीही संगणकास कोठे तरी सुमारे १०० ओहमांचा रोध जाणवत आहे, कारण आपल्या कोष्टकाप्रमाणे १२५ अंशांचा अर्थ १०० ओहम असा होतो. हा आगंतुक रोध तारेतच असला पाहिजे.

खात्रीसाठी तो संवेदक काढून त्याचीही परीक्षा घेतो. बर्फ घातलेल्या पाण्यात मल्टिमीटर ५९०० च्या आसपास ओहम दाखवितो, उकळत्या पाण्यात १८७ च्या आसपास. संवेदक निर्दोष ठरतो. संवेदक परत बसवून, कनेक्टर लावून आणि इंजिन तापवून तो मल्टिमीटरने तारेच्या दोन टोकांमधील विद्युत्-दाब मोजतो. चांगल्या तारेवर तो जवळजवळ शून्य असावा, येथे ०.२१ व्होल्ट भरतो. बॅटरीखालून जाणाऱ्या जुडग्यात जुन्या दुरुस्तीचा एक सांधा सापडतो. कोणी तरी तार पिळून वर काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडविताच आतील तांब्यावर हिरवा कळंक चढलेला दिसतो. तेवढा भाग कापून, सांधा झाळून आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढविताच संगणक ८८ अंश दाखवू लागतो. दोन तारा जोडून पाहता आकडा आता कमाल मर्यादेस पोहोचतो.

कोड्याचा उलगडा

एवढ्याशा कळंकाने पाणी कसे उकळले, हे आता सहज समजेल. इंजिन गार असताना संवेदकाचा रोध दोन हजार ओहमांवर होता. त्यात १०० ओहमांची भर पडली तरी चूक केवळ एका अंशाची झाली. म्हणूनच सकाळची परीक्षा निर्विघ्न पार पडली. इंजिन ८८ अंशांपर्यंत तापल्यावर संवेदकाचा रोध २५७ ओहमांवर आला. त्यात १०० मिळविले की ३५७ होतात, आणि ३५७ ओहमांचा अर्थ संगणक ७६ अंश असा लावतो. चूक बारा अंशांची झाली. द्रव १०५ अंशांवर गेला तेव्हा संगणकास ८७ अंश दिसले, प्रकृती उत्तम!

रेडिएटरचा पंखा ९५ अंशांस सुरू व्हावा अशी योजना होती. संगणकास ९५ अंश दिसण्यासाठी एकूण रोध २१३ ओहम हवा. त्यातील १०० कळंकाचे. उरलेले ११३ संवेदकाचे. कोष्टकात ११३ ओहमांसमोर १२० अंश लिहिलेले आहेत. अर्थात पाणी १२० अंशांपर्यंत तापल्याखेरीज पंखा हलणारच नव्हता. झाकणामुळे वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली असलेले साधे पाणी नेमके १२० अंशांच्या सुमारास उकळते. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याच्या झोताने रेडिएटर थंड राही, म्हणून दोष लपून राहिला. कोंडीत वारा थांबला आणि त्याचे खरे स्वरूप प्रकट झाले.

समोरचा काटा तरी मध्यावर का होता? पुष्कळ मोटारींत हा काटा त्याच संवेदकाच्या साक्षीवर फिरतो, आणि चालकाने विनाकारण बिचकू नये म्हणून एका मोठ्या पल्ल्यात तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. एकाच साक्षीदाराचे म्हणणे दोन तोंडांनी ऐकले म्हणजे दोन साक्षी झाल्या असे होत नाही.

उकळते पाणीही सर्वत्र सारखे नसते

१७४२ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने उष्णतामानाची आपली मोजपट्टी पाण्याच्या गोठण्याच्या व उकळण्याच्या बिंदूंवर उभारली. गंमत अशी की, त्याने उकळण्यास शून्य आणि गोठण्यास शंभर असे आकडे दिले होते; ते पुढे उलट करण्यात आले. तेच दोन बिंदू आजही गॅरेजमधील कारागिरास विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी मानावर उकळते, हे विसरता कामा नये. मुंबईच्या समुद्रकिनारी ते १०० अंशांस उकळते, पुण्यास सुमारे ९८ ला, बंगळूरला सुमारे ९७ ला, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे सुमारे ८८ अंशांसच. लेहमधील कारागिराने उकळत्या पाण्यात संवेदक बुडविला तर त्यास १८७ ऐवजी २५७ ओहम आढळतील. कोष्टकातील आकड्याशी जुळत नाही म्हणून त्याने तो फेकून दिला, तर एक सच्चा साक्षीदार निष्कारण दंडित होईल. वितळत्या बर्फाच्या बाबतीत मात्र हा घोटाळा होत नाही; ते मुंबईत आणि लेहमध्ये शून्य अंशांसच असते.

दृष्टांतातील टॅक्सीचे इंजिन वेळीच बंद केले गेले असेल, तर सिलिंडरचे डोके बचावले असेल. नसेल, तर एका वीतभर तारेच्या सांध्यापायी चालकाच्या अनेक महिन्यांची कमाई खर्ची पडली असेल. पहिले दोन कारागीर अज्ञानी नव्हते. संकेतांकाचा अर्थ त्यांनी बरोबर वाचला होता. परंतु संकेतांक म्हणजे निकाल नव्हे, ती केवळ फिर्याद आहे, एवढेच ते विसरले. यंत्राने दाखविलेला आकडा ज्ञात मानाशी ताडून पाहणे, स्वतंत्र दुसरा साक्षीदार शोधणे, साखळीचा प्रत्येक दुवा सुटा करून तपासणे आणि गार व तापलेल्या दोन्ही स्थितींत प्रश्न विचारणे, ह्या चार गोष्टींना फारशी महाग साधने लागत नाहीत. बर्फाचा तुकडा, उकळत्या पाण्याचे भांडे, एक साधा मल्टिमीटर, दुरून मोजणारा मापक, आणि प्रयोगशाळेत काय किंवा रस्त्यावर काय, आकड्यापुढे मान तुकविण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय, एवढी सामग्री त्यासाठी पुरते.